तिला रडायला नको, शिकवायला बोलवा

सप्टेंबरमधली गोष्ट. नागपुरात एका सभागृहात आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण होतं. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या अध्यक्ष-सचिव, दोन-चार शिक्षिका. कोणी काटोलहून आलेल्या, कोणी उमरेडहून, कोणी पहाटेची एसटी पकडून हिंगणघाटहून. मीही एका बाजूला बसले होते. पडद्यावर ‘धोक्याची लक्षणे’ असा मथळा आला. व्यक्ती एकलकोंडी होते. बोलणे कमी करते. कामात लक्ष लागत नाही. शिकवणारी मुलगी तरुण होती, मनापासून सांगत होती. बायका वहीत उतरवून घेत होत्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली.

‘‘मॅडम, आमच्या घरी असं नव्हतं. माह्या मालक तं त्या आठवड्यात सगळ्यायसंग गोड बोलत होता. दुकानदाराची उधारी देऊन आला. पोरीले फ्राक आणला. तीन महिने नुसती चिडचिड, अन् एकदम शांत. मले वाटलं, देव पावला. आता सारं ठीक होते.’’

सभागृह चिडीचूप झालं. मुलगी गोंधळली. ‘‘हो, तसंही असू शकतं,’’ एवढं म्हणाली आणि पुढच्या पाटीकडे वळली. बाई खाली बसली. तिचं वाक्य कोणाच्याच वहीत गेलं नाही.

खरं सांगायचं तर ते वाक्य डॉक्टरांच्या पुस्तकातही आहे. खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता, देणीघेणी उरकणं, निरोप घेतल्यासारखं वागणं, ही सुद्धा धोक्याची लक्षणं मानली जातात. पण पुस्तकाचं टिपण झालं, टिपणाची पाटी झाली, आणि या काटछाटीत नेमकं तेच गळलं. ज्या बाईला ते पाठ होतं, ती मागच्या रांगेत बसली होती.

चहाच्या सुटीत मी तिच्याजवळ गेले. म्हणाली, ‘‘मले तवा कोणी सांगतलं असतं तं मी त्याले इचारलं तरी असतं नं, बाई.’’ मी तिला म्हटलं, तुमची काही चूक नाही. तुम्हाला ते माहीत असायला हवं होतं असं नाही, आम्ही ते तुमच्यापर्यंत पोचवायला हवं होतं. तिने मान हलवली. पटलं की नाही, कोण जाणे.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. ज्यांच्या घरात हे घडलं, किंवा ज्या स्वतः त्या कड्यावरून मागे फिरल्या, त्यांना आपण कार्यक्रमांना बोलावतो, नाही असं नाही. पण कशासाठी बोलावतो? रडायला. मंचावर उभं करायचं, कहाणी सांगायला लावायची, समोरच्यांचे पदर डोळ्यांना लागले की शाल-श्रीफळ द्यायचं आणि घरी पाठवायचं. अभ्यासक्रम मात्र आधीच कुठेतरी ठरलेला असतो. त्या अभ्यासक्रमाला हात लावायचा हक्क तिला नसतो.

हे मी दुसऱ्यांना बोट दाखवून म्हणत नाही. मीही हे पाप केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात मीच एका शेतकऱ्याच्या पत्नीला बोलायला आणलं होतं. ती बोलली. अख्खं सभागृह रडलं. आम्ही एकमेकींची पाठ थोपटली, कार्यक्रम किती ‘परिणामकारक’ झाला म्हणून. ती मात्र सहाच्या एसटीने एकटी गावी परतली. दोन महिन्यांनी भेटली तेव्हा सहज म्हणाली, ‘‘त्या रात्री डोळ्याले डोळा नाही लागला. सारं पुन्हा दिसे. तुमी तं फोन बी नाही केला.’’ त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. आम्ही तिचं दुःख वापरलं होतं. तिच्याकडून शिकलो मात्र काहीच नव्हतो.

आता आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ७० हजार ९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या २२ हजार ७४६ आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. विदर्भात आत्महत्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कापूस उत्पादक शेतकरी येतो, आणि ते खोटं नाही. पण त्याच वर्षी देशात ज्या ४८ हजार १७२ स्त्रिया गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त, २५ हजार ३०९, गृहिणी होत्या. तुमच्या-माझ्यासारख्या. त्यांच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. ‘घरगुती कारणावरून’ असं लिहिलं की विषय संपतो.

सरकारने काही केलंच नाही असं म्हणता येणार नाही. २०१५ साली राज्याच्या आरोग्य खात्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं शोधायची आणि त्यांना उपचारांपर्यंत न्यायचं, अशी कल्पना. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने आत्महत्या प्रतिबंधाचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे म्हणून. गावपातळीवरच्या माणसांना प्रशिक्षण द्या, असं सगळेच सांगतात. पण ते प्रशिक्षण कोणाच्या शब्दांत द्यायचं, हा प्रश्न उरतोच.

शब्दांचं महत्त्व किती, ते सांगते. एका आशाताईने मला तिचा अनुभव सांगितला. कागदावर प्रश्न होता, ‘आपणास निराश वाटते का?’ तिने तो जसाच्या तसा विचारला. घरोघरी उत्तर एकच, ‘‘नाही.’’ मग तिने आपल्या मनाने बदल केला. ‘‘रातच्याला झोप लागते का, भाऊ? का घोर लागून रायला कशाचा?’’ असं विचारायला लागली. आता माणसं बोलायला लागली. कोणी पोरीच्या लग्नाचा घोर सांगितला, कोणी सावकाराचा. आपल्याकडे माणूस ‘निराश’ होत नाही हो, त्याला घोर लागतो. त्याचा जीव लागत नाही, डोकं काम करत नाही. हे शब्द घरात बसूनच कळतात. ते त्या कागदावर आधीच असते तर?

दुसरं उदाहरण नागपुरातल्याच एका वसाहतीतल्या बाईचं. शिकलेली, सुखवस्तू घरातली. ती स्वतः या वाटेवरून परत आली आहे. ती म्हणाली, ‘‘मला जो तो एकच सांगायचा, लेकरांकडे बघून जग. अहो, लेकरांकडे बघूनच तर वाटायचं की आपण यांच्या डोक्यावर ओझं झालोत. मी नसले तर यांचं बरं होईल, असंच तेव्हा खरं वाटतं.’’ मी चमकले. लेकरांकडे बघ, हे वाक्य मी स्वतः किती जणींना ऐकवलं असेल! धीर म्हणून दिलेला शब्द समोरच्याला दगडासारखा लागतो, हे मला कुठल्या व्याख्यानात कळलं नव्हतं.

मग उपयोग कशाचा झाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘शेजारच्या काकू. रोज चारच्या सुमारास यायच्या, कधी गहू घेऊन, कधी मेथीची जुडी. निवडत बसायच्या. उपदेश नाही, काही नाही. एक दिवस भाजी निवडता निवडता सरळ विचारलं, ‘जीव द्यावासा वाटते का गं तुला?’ मला रडू फुटलं. पहिल्यांदाच कोणीतरी नाव घेऊन विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बाहेर बाकावर दोन तास बसल्या.’’

आपल्याकडे समज असा, की असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसं होत नाही. या क्षेत्रातले जाणकार गेली कित्येक वर्षं हेच सांगताहेत, की आपुलकीने थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. पण तज्ज्ञाने हे सांगितलं की बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन गप्प बसतात. हीच गोष्ट ‘मला विचारलं म्हणून मी आज इथे उभी आहे’ असं सांगणाऱ्या बाईकडून ऐकली, तर? विचारायचं धाडस मग आपोआप येतं.

आणि तिसरी शिकवण आहे ती नंतरची. घरात असा मृत्यू झाला की पहिला प्रश्न कोणाला? बायकोला. ‘‘भांडण झालं होतं का?’’ सासर विचारतं, पोलीस विचारतात, भेटायला आलेल्या बायासुद्धा विचारतात. मग तलाठी येतो, कागद होतात. शेतकऱ्याची आत्महत्या सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ यावर खल होतो. म्हणजे आपला माणूस खऱ्या दुःखाने गेला की नाही, याचाही दाखला लागतो! महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’ने, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा ५०५ स्त्रियांची पाहणी करून २०१८ मध्ये ती मांडली. नवरा कसत होता त्या जमिनीवर ४० टक्के जणींना हक्क मिळालेला नव्हता. या स्त्रिया एकत्र आल्या, बोलल्या, मुंबईपर्यंत गेल्या. तेव्हा कुठे जून २०१९ मध्ये त्यांच्यासाठी शासन निर्णय निघाला. आपल्यावर बेतलेलं त्यांनी मागणीच्या भाषेत मांडलं, म्हणून तो निघाला. हीच भाषा तलाठ्याच्या, पोलीस पाटलाच्या प्रशिक्षणात यायला नको का? दारात गेल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलावं आणि कोणतं बोलू नये, हे त्यांना या बायांइतकं चांगलं कोण शिकवणार? ज्या घरात एकदा हे घडलं, तिथल्या उरलेल्या माणसांनाही धोका असतो. त्यांना जपणं हासुद्धा प्रतिबंधच आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं नवीन खूळ आहे. मुळीच नाही. पुण्याचं मुक्तांगण आठवा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली. ‘मी पण तुझ्यासारखाच होतो’ या वाक्यात जी ताकद आहे, ती पदवीत नाही, हे त्यांनी ओळखलं. व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे, तिथेही एकीचा अनुभव दुसरीच्या कामी येतो. पण लक्षात घ्या, नुसते अनुभवावर त्यांना सोडून दिलेलं नाही. त्यांना शिकवलं, त्यांच्या मागे डॉक्टर उभे राहिले, पगार दिला.

आपल्या विदर्भातलंच बघा. ‘तेरवं’ हे नाटक श्याम पेठकर यांनी लिहिलं आणि हरीश इथापे यांनी बसवलं. त्यात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यातल्याच वैशाली येडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या, अंगणवाडीत मदतनीस. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. वेळेला दिल्लीतली नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा आशयाचं त्या तेव्हा बोलल्या आणि ते महाराष्ट्रभर गाजलं. साहित्यिकांच्या मेळाव्यात जिला मानाचं पान मिळू शकतं, तिला आशाताईंच्या प्रशिक्षणाचा मजकूर ठरवणाऱ्या टेबलाशी एक खुर्ची मिळू नये?

गावातल्या साध्या माणसांच्या हाती हे काम दिलं तर जमतं, याचाही पुरावा आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी मनाच्या आजारांवर लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी आधी १०० मागे जेमतेम ४ जण उपचार घेत होते, दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेलं. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात २०१७ मध्ये हे छापून आलं. परदेशातही हीच दिशा आहे. ऑस्ट्रेलियात भाऊ गमावलेल्या एका बहिणीने ‘रोझेस इन द ओशन’ ही संस्था उभी केली. असा अनुभव असलेल्यांना ती आधी तयार करते, आणि मग ही माणसं सेवा आणि धोरणं ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बसतात. अनुभव कसा, किती आणि कधी सांगायचा, याचंही शिक्षण लागतं हे त्यांनी जाणलं.

तो मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. जखम उघडी केली तर पुन्हा रक्त येऊ शकतं. एकीचा अनुभव म्हणजे सगळ्यांचं सत्य नव्हे. आणि मृत्यू कसा झाला याचं वर्णन ऐकून एखाद्या खचलेल्या जिवावर भलताच परिणाम होऊ शकतो. हे सगळं खरं आहे. म्हणूनच काही पथ्यं पाळावीच लागतील. घटना ताजी असताना कोणाला बोलावू नये. बोलायचं की नाही हे तिने ठरवावं, आणि अगदी माइकसमोर गेल्यावरही ‘नको’ म्हणायची तिला मुभा असावी. कसं घडलं ते सांगायचं नाही, आधी काय दिसत होतं आणि कशाने आधार मिळाला ते सांगायचं. एकीवर भार टाकू नये, तिघी-चौघी असाव्यात. एक शेतकऱ्याच्या घरची, एक शहरातली, एक स्वतः त्यातून बाहेर आलेली. शेजारी मानसोपचाराचं शिक्षण घेतलेलं माणूस असावं. रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिला आठवणीने फोन करावा. तिचं नाव, फोटो तिच्या मर्जीशिवाय पेपरात देऊ नये. आणि इतर व्याख्यात्यांना देता तेवढंच मानधन तिलाही द्यावं. शाल-श्रीफळाने एसटीचं तिकीट निघत नाही!

सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे तिला शेवटच्या दिवशी भाषणाला न बोलावता पहिल्या दिवशी, कच्चा मसुदा तयार होतो तेव्हा बोलवा. तिच्यापुढे तो वाचा. ‘ताई, यात काय चुकलं? काय राहिलं? तुमच्या गावात हे कसं म्हणतात?’ असं विचारा. आणि ती सांगेल ते लिहून घ्या.

आपण काय करू शकतो, असं तुम्ही विचाराल. १० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. तुमच्या गावात, शाळेत, बचतगटात त्या सुमाराला काही ना काही कार्यक्रम होईल. संयोजकांना एवढंच विचारा, ‘हा मजकूर ठरवताना अशा घरातली कोणी होती का?’ नसेल तर पुढच्या वर्षी असेल, इतकी चिकाटी धरा. तुमच्या वाडीत, गल्लीत अशी कोणी असेल तर तिला आधी माणूस म्हणून भेटा. ‘भांडण झालं होतं का’ हा प्रश्न गिळून टाका. मेथीची जुडी घेऊन जा.

आणि हे वाचताना तुमच्याच मनात काही दाटून आलं असेल, तर ते दाबून ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारा. घरात कोणाला धोका वाटत असेल तर फवारणीची औषधं त्याच्या हाताशी राहणार नाहीत असं बघा, आणि त्याला एकटं सोडू नका. पोलीस केस होईल म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका. २०१८ पासून लागू असलेला मानसिक आरोग्याचा कायदा अशा माणसाला गुन्हेगार नाही, प्रचंड ताणाखाली असलेली व्यक्ती मानतो, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

त्या मागच्या रांगेतल्या बाईचा फोन नंबर मी घेऊन ठेवला होता. परवा तिला फोन केला. पुढच्या वेळच्या प्रशिक्षणाचं टिपण करायचं आहे, आमच्यासोबत बसाल का, असं विचारलं. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मले भाषण नाही जमत, बाई.’’

मी म्हटलं, भाषण नकोच आहे. आमच्या चुका काढायच्या आहेत.

‘‘ते जमते,’’ ती म्हणाली.